काच कापायचा कटर कोणता घ्यायचा? आधी काच बघा, मग कटर



"ताई, काच कापायला कुठला कटर घेऊ?" फ्रेमिंगच्या प्रत्येक नवीन बॅचमध्ये पहिल्याच दिवशी हा प्रश्न येतो. आणि मी दरवेळी उलट विचारते, "तुम्ही कापणार काय?" कारण फोटो फ्रेमची २ एमएमची काच, खिडकीची ४ एमएमची काच आणि टेबलावरची १० एमएमची काच यांना एकच कटर चालत नाही. व्हिडिओमध्ये मी सगळे कटर हातात धरून दाखवलेत, पण आकडे लिहून घ्यायला तुम्हाला वेळ मिळत नाही. म्हणून ते सगळं इथे सविस्तर लिहून ठेवते. दुकानात कटर घ्यायला जाल तेव्हा मोबाईलवर उघडून समोर ठेवा.

पहिली गोष्ट: कटर काच कापतच नाही

हे वाचून हसू नका. कात्री कापड कापते, करवत लाकूड कापते. काचेचा कटर मात्र फक्त एक रेघ मारतो. काच तुटते ती नंतर, आपण दोन्ही बाजूंनी वाकवल्यावर.

काच दाबाला भलतीच मजबूत असते, पण ताणाला कच्ची. तिच्या पृष्ठभागावर बारीकशी चीर असली, की वाकवताना सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी गोळा होतो आणि चीर पळत सुटते. ए. ए. ग्रिफिथ नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने १९२० च्या सुमारास हेच काचेवर प्रयोग करून दाखवलं, की काचेची ताकद तिच्यावरच्या बारीक चिरांवर ठरते. आपण दुकानात रोज तेच वापरतो. फरक एवढाच, की चीर कुठे पडावी हे आपण ठरवतो.

म्हणजे कटरचं काम एकच: सरळ खाली जाणारी, एकसारखी, न तुटलेली चीर पाडणं. चाक काचेवर दाबलं गेलं की दोन प्रकारच्या चिरा पडतात. एक सरळ खाली जाते, ती आपल्याला हवी असते. दुसरी आडवी, बाजूला पसरते, ती नको असते. जोर जास्त झाला की आडव्या चिरा वाढतात, रेघेवर पांढरी पूड दिसते, बारीक कपच्या उडतात. नवशिक्याला वाटतं पांढरी रेघ म्हणजे छान खोल कट. प्रत्यक्षात ती बिघडलेली रेघ असते. चांगली रेघ बारीक असते, तिरक्या उजेडात केसासारखी चमकते.

बाजारात काय काय मिळतं?

जुने कारागीर आजही "हिरा" म्हणतात, कारण पूर्वी खरोखरच दांड्याला हिऱ्याचा कण बसवलेला असायचा. १८६९ साली अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या सॅम्युअल मॉन्सने पोलादी चाकाचा कटर आणला आणि काम सामान्य माणसाच्या हातात आलं. आज तुमच्यासमोर साधारण चार प्रकार येतील.

१. साधा पोलादी चाकाचा कटर. हा सगळ्यात स्वस्त. काहींना एकच चाक असतं, काहींच्या डोक्यावर सहा चाकं असतात. एक बोथट झालं की स्क्रू सैल करून पुढचं फिरवायचं. दांड्याला खाचा असतात, त्या काचेची अरुंद पट्टी धरून तोडायला. घरी वर्षातून चार काचा कापणाऱ्याला हा पुरतो. दुकानासाठी नाही, कारण पोलादी चाक लवकर बोथट होतं आणि आपण नकळत जोर वाढवत जातो.

२. कार्बाइड चाकाचा ऑइल कटर. चाक टंगस्टन कार्बाइडचं, म्हणजे पोलादापेक्षा कितीतरी कडक. दांडा पोकळ, त्यात पातळ तेल भरायचं. चाक काचेवर दाबलं की तेल थोडं थोडं उतरतं. तेलाने चाकाची कडी मोकळी फिरते, कपच्या कमी उडतात आणि रेघ तुटायला सोपी जाते. दुकान चालवायचं असेल तर सुरुवात इथून करा.

३. पिस्तूल ग्रिपचा ऑइल कटर. चाक तेच, पण मूठ पिस्तुलासारखी. जोर बोटांऐवजी तळहातातून येतो. दिवसभर कापणाऱ्याला, मनगट दुखणाऱ्याला किंवा पेनासारखी पकड न जमणाऱ्याला हा फार सोयीचा.

४. खरा हिरा. हा अजून मिळतो आणि पातळ काचेवर सरळ रेघेसाठी सुंदर चालतो. पण त्याला चाक नसतं, टोक असतं. ते टोक एका ठरावीक कोनात धरलं तरच चीर पडते, नाहीतर नुसता ओरखडा उठतो. तो कोन हाताला सापडायला वेळ लागतो. म्हणून जुने कारागीर आपला हिरा दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. त्यात कंजूषपणा काही नाही. नवशिक्याने पहिलं हत्यार म्हणून हा घेऊ नये.

फरशी कापायचं चाक काचेला वापरू नका, आणि ग्राइंडर तर नकोच. दिसायला सारखं असलं तरी काम वेगळं आहे.

खरी निवड चाकाच्या कोनात आहे

कटर घेताना लोक दांड्याचा रंग बघतात, पितळी आहे का बघतात. बघायचं असतं चाक. चाकाची धार दोन उतारांची असते आणि त्या उतारांमधला कोन अंशात मोजतात. चांगल्या कटरच्या डोक्यावर किंवा पाकिटावर हा आकडा लिहिलेला असतो.

नियम सोपा आहे. काच पातळ, तर कोन कमी. काच जाड, तर कोन जास्त. कमी कोनाचं चाक टोकदार असतं, हलक्या दाबात चीर पाडतं. जाड काचेत चीर खोल जायला दाब जास्त लागतो. तिथे टोकदार चाक वापरलं तर ते काच बाजूने फोडायला लागतं. तिथे बोथट कोनाचं चाक लागतं, जे जास्त दाब घेऊनही चीर सरळ खाली ढकलतं.

ढोबळ आकडे असे लक्षात ठेवा:

- २ ते ३ एमएम (फोटो फ्रेम, छोटे आरसे): १२० ते १३० अंश
- ३ ते ६ एमएम (खिडकी, कपाटाचे आरसे, छोटे फिश टँक): १३५ अंशांच्या आसपास
- ६ ते १० एमएम (शेल्फ, टेबल टॉप, मोठे टँक): १४० ते १४५ अंश
- १० एमएमच्या वर: १५० अंश आणि पुढे

कंपनीप्रमाणे दोन-पाच अंश इकडेतिकडे होतात, म्हणून पाकिटावर काचेची जाडी छापली असेल तर ती प्रमाण माना. दोन जाड्यांचं काम असेल तर दोन कटर घ्या, किंवा डोकं बदलता येणारा एक कटर आणि दोन डोकी घ्या. दुसरा पर्याय स्वस्त पडतो.

कोनाखालोखाल येतं डोकं. रुंद डोकं पट्टीला घट्ट टेकतं, सरळ रेघेसाठी उत्तम. अरुंद, थोडं फिरणारं डोकं वळणासाठी. लिप्पन कामाचे आरशाचे तुकडे, गोल, पानं, स्टेन्ड ग्लासचे आकार करणाऱ्यांनी अरुंद डोकंच घ्यावं.

"बाईच्या हाताचं काम नाही" म्हणे

आमच्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. बचत गटातून कर्ज काढून तालुक्याच्या गावी फ्रेमिंगचं दुकान टाकलेलं. काचा वाकड्यातिकड्या तुटायच्या. कोणीतरी जाणत्याने सांगून टाकलं, की काच कापायला मनगटात जोर लागतो, बाईच्या हाताचं काम नाही, एखादा पोरगा ठेवा. पोरगा ठेवायचा तर पगार द्यायचा, आणि पगार द्यायचा तर हप्ता कुठून भरायचा? दुकान बंद करायचं मनावर घेऊनच त्या क्लासला आल्या होत्या.

त्यांचा कटर मी बघितला. जाड काचेचं चाक, आणि त्या कापत होत्या २ एमएम. त्या चाकाने पातळ काचेवर चीर पडावी म्हणून त्या जीव खाऊन दाबत होत्या, आणि दाबलं की काच भलतीकडे फुटत होती. वर चाकाला खोच पडलेली. योग्य कोनाचं चाक हातात दिल्यावर त्याच दुपारी त्यांनी सलग दहा काचा सरळ कापल्या. मनगट तेच होतं.

हे मुद्दाम सांगते, कारण चुकीचं हत्यार नेहमी माणसावर आळ घेतं. आपल्याला वाटतं आपला हात वाईट. कारागीर ठेवला असेल तर वाटतं त्याचा हात वाईट. आधी चाक तपासा, मग माणसाला बोला.

आणि चाकाची खोच ओळखायची कशी? हातातल्या कटरचं चाक साधारण ५ एमएम व्यासाचं असतं. म्हणजे एक फेरा पूर्ण व्हायला सुमारे १६ एमएम रेघ लागते. तुमची रेघ दर दीड-पावणेदोन सेंटिमीटरवर, अगदी ठरावीक अंतराने तुटत असेल, तर चाकाला खोच आहे. ती हाताने दुरुस्त होत नाही, चाक बदला. रेघ कुठेही, कशीही तुटत असेल, तर काचेवर धूळ आहे किंवा तुमचा दाब कमी-जास्त होतोय. पट्टी लावून मोजा, दोन मिनिटांत निकाल लागतो.

दुकानात उभं राहून करायच्या तपासण्या

कटर घ्यायला जाताना पिशवीत दोन गोष्टी न्या: तुम्ही नेहमी कापता त्या जाडीच्या काचेचा फूटभर तुकडा, कडा टेप लावून, आणि डोळ्यांना चष्मा.

१. चाक नखाने फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे, अडकता कामा नये.
२. चाक दोन्ही बाजूंना हलवून बघा. लटपटत असेल तर परत द्या. लटपटणारं चाक सरळ रेघ मारत नाही.
३. मोबाईलचा कॅमेरा झूम करून धार बघा. खोच, चपटा भाग दिसतो.
४. दांडा हातात धरून हवेत दहा वेळा रेघ ओढायची नक्कल करा. बोट दुखलं तर तो कटर तुमचा नाही, कितीही चांगल्या कंपनीचा असो.
५. विचारा: "याचं डोकं सुटं मिळतं का?" मिळत नसेल तर चाक गेल्यावर अख्खा कटर फेकावा लागेल.
६. दुकानदाराची परवानगी घेऊन तुमच्या तुकड्यावर एक रेघ मारा. आवाज ऐका. एकसारखा बारीक "सर्रर्र" हवा. खरखर, कडकड आली की दाब किंवा चाक चुकीचं. मग तुकडा तोडा आणि तुटलेली कड बघा. कड आरशासारखी गुळगुळीत असेल तर पैसे द्या.

टोयो, फ्लेचर अशी नावं तुमच्या कानावर येतील. चांगली आहेत, पण मी कुठल्या कंपनीची जाहिरात करत नाहीये. या सहा तपासण्या पास होणारा कुठलाही कटर घ्या.

आता हिशोब: महाग कटर परवडतो का?

बीबीए केल्याचा एक फायदा म्हणजे मला वहीत आकडे मांडल्याशिवाय झोप येत नाही. चला, मांडूया. खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमच्या गावचा भाव टाका.

समजा साधा कटर १०० रुपयांचा, चांगला ऑइल कटर ६०० रुपयांचा. फरक ५०० रुपये. समजा ४ एमएमची काच तुम्हाला स्क्वेअर फुटाला ४० रुपये पडते आणि महिन्याला तुम्ही २०० स्क्वेअर फूट कापता.

साध्या कटरने १०० फुटांत ८ फूट वाया गेली, तर महिन्याला १६ फूट, म्हणजे ६४० रुपये. चांगल्या कटरने ३ फूट वाया गेली, तर महिन्याला ६ फूट, म्हणजे २४० रुपये. दरमहा ४०० रुपये वाचले. ५०० रुपयांचा फरक सव्वा महिन्यात वसूल. पुढची सगळी बचत तुमची. यात गेलेला वेळ, परत कापायची मेहनत आणि ताटकळलेलं गिऱ्हाईक मी धरलेलंच नाही.

पण तुमची काच महिन्याला २०० फूट नसून १० फूट असेल तर? मग हाच हिशोब उलटा लागतो: वाचतात महिन्याला २० रुपये. तेव्हा ऑइल कटर घ्या, पण त्यातला सगळ्यात महागडा घेऊ नका. हत्याराची किंमत आपल्या कामाच्या आकाराशी जुळली पाहिजे.

यासाठी एक छोटी वही घाला: तारीख, जाडी, किती फूट कापली, किती वाया गेली, कारण. कारणात फक्त चार शब्द: चाक, हात, माप, काच. महिनाभराने कुठला शब्द जास्त वेळा आलाय ते बघा. "चाक" जास्त असेल तर चाक बदला. "माप" जास्त असेल तर कटर बदलून काही होणार नाही, टेप आणि गुण्या तपासा.

कटर घेतल्यावर

- पट्टीला कटर टेकवल्यावर चाक पट्टीपासून थोडं लांब चालतं, साधारण दोन-तीन एमएम. तुमच्या कटरचं नेमकं अंतर मोजा आणि दांड्यावर मार्करने लिहून ठेवा. "माप" रकान्यातल्या निम्म्या चुका इथल्या असतात.
- काच आधी पुसा. टेबलावर जुनं ब्लँकेट किंवा कार्पेट अंथरा.
- रेघ एका दमात, या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्याच रेघेवर पुन्हा चाक फिरवू नका. रेघ बिघडते आणि चाकही जातं.
- रेघ मारली की लगेच तोडा. चहा पिऊन येते म्हणू नका. रेघ शिळी झाली की नीट तुटत नाही.
- आरसा पुढच्या काचेच्या बाजूने कापा, रंगाच्या बाजूने नाही. डिझाइनची काच गुळगुळीत बाजूने.
- तेल पातळच हवं: काचेचं कटिंग ऑइल किंवा रॉकेल. खोबरेल, गोडंतेल घालू नका, ते चिकट होऊन चाक जाम करतं. फिश टँक करणाऱ्यांनी सिलिकॉन लावण्याआधी कडेचं तेल स्पिरिटने पूर्ण पुसावं, नाहीतर जोड धरत नाही आणि टँक गळतो.
- टफन काच कुठल्याच कटरने कापता येत नाही. ती सहाशे अंशांच्या वर तापवून झटकन थंड केलेली असते. चीर आत गेली की अख्खी काच बारीक तुकडे होऊन पडते. कोपऱ्यात शिक्का आहे का ते आधी बघा. टफन हवी असेल तर माप आधी देऊन तशीच बनवून घ्या.

आणि हात सांभाळा

काच फूट-फुटाने विकली तरी वजन विसरू नका. १ एमएम जाडीची १ चौरस मीटर काच अडीच किलो भरते. म्हणजे ६ बाय ४ फुटांची ४ एमएमची शीट सुमारे २२ किलो. ती एकट्याने उचलायची नाही, मग तुम्ही कितीही धट्टेकट्टे असा. डोळ्यांना चष्मा, उचलताना हातमोजे, पायात बंद बूट. टेबलावरच्या कपच्या ब्रशने झाडा, तळहाताने कधीच नाही. तुमच्याकडे कामाला पोरगा असेल तर त्याचा चष्मा आणि बूट तुम्ही घेऊन द्यायचे. तो स्वतः मागणार नाही, लाजेल. त्याच्या एका डोळ्यापुढे तुमच्या दुकानातली सगळी काच स्वस्त आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्याकडे आत्ता जो कटर आहे तो काढा. डोक्यावर कोन लिहिलाय का बघा. टाकाऊ काचेवर एक फूटभर रेघ मारा, तिरक्या उजेडात धरा, रेघ कुठे तुटते ते पट्टीने मोजा. दर १६ एमएमच्या आसपास तुटली तर उत्तर मिळालं. मग वहीत पहिली ओळ लिहा.

नवीन कटर घ्यायचा की नाही, हे महिन्याभरात ती वहीच सांगेल. मला विचारायची गरज पडणार नाही.

पुढच्या व्हिडिओत काचेची कड घासणं आणि पॉलिश बघू. तोवर हात जपून, रेघ सरळ!